सात सूक्ष्मदर्शक

प्रार्थना संपल्यावर हेडसरांनी परिपत्रक वाचायला घेतलं, तेव्हा नववीच्या रांगेत शेवटून दुसरी उभी असलेली टकळी निवांत नखं खात होती. टकळी हे नाव तिच्या आत्याने ठेवलेलं. पोरगी बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून. घरातून ते नाव शाळेत कधी आलं ते कुणालाच कळलं नाही, पण खरं नाव आता फक्त हजेरीपटाला माहीत होतं.

"पुढच्या वर्षापासून," हेडसर एका सुरात वाचत होते, "दहावीला विज्ञानाची स्वतंत्र प्रात्यक्षिक परीक्षा. विद्यार्थ्याने बारा प्रयोग स्वतःच्या हाताने करून दाखवायचे. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास अकरावीला विज्ञान शाखेत प्रवेश मिळणार नाही."

टकळीचं नख दातातच राहिलं. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. तिसरीत तिचं मांजर तीन दिवस तडफडून मेलं, आणि त्याला काय झालं होतं हे कुणी धड सांगू शकलं नाही, तेव्हापासून हे ठरलेलं. त्यात कुठे फाटा नव्हता.

आणि शाळेची प्रयोगशाळा? दार उघडलं की आधी व्हॉलीबॉलची जाळी पायात यायची. मग मोडके बाक. मग मागच्या संमेलनातला पुठ्ठ्याचा राजवाडा. त्यामागे काचेचं कपाट, आणि कपाटात एक सूक्ष्मदर्शक. एकच. त्याचं वरचं भिंग कुणीतरी कधीच लांबवलं होतं, त्यामुळे त्यात डोळा घातला की मिट्ट काळोख आणि स्वतःच्याच पापण्या दिसायच्या.

टकळीने हात वर केला. "सर, बारा प्रयोग करायचे कुठे? राजवाड्यात?"

रांगा फिस्सकन हसल्या. हेडसरांनी चष्म्यावरून पाहिलं. "वरून आलंय ते."

"वर म्हणजे कुठे, सर?"

"वर म्हणजे वर! खाली बस."

"सर, रांगेत आहोत. सगळेच उभे आहेत."

त्याबद्दल तिला पहिला तास वर्गाबाहेर काढावा लागला. तिथे उभ्या उभ्या तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. हे 'वर' नक्की कुठे असतं?

संध्याकाळी तिने तो प्रश्न बाबांना विचारला. बाबा त्याच शाळेत कारकून. कागदाला पाय फुटून तो कुठे जातो आणि कुठून येतो, हे त्यांना तोंडपाठ.

"वर म्हणजे शिक्षण कार्यालयाचा तिसरा मजला," बाबा भाजी निवडता निवडता म्हणाले. "आधी शाळांकडून माहिती मागवतात. त्यावरून समिती मसुदा करते. मग लोकांच्या हरकती आणि सूचना ऐकतात. मग ते पक्कं होतं."

"म्हणजे अजून पक्कं नाही?"

बाबांनी जीभ चावली. "तसं नाही..."

"हरकती कधी ऐकणार आहेत?"

"मंगळवारी. पण तू त्या भानगडीत पडू नकोस. मोठ्यांची कामं असतात ती."

"परीक्षा मोठे देणार आहेत का?"

बाबा चांगल्या शेंगा केरात आणि देठ पातेल्यात टाकत राहिले. आईने पातेलं पुढ्यातून उचललं, तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

मंगळवारी टकळी विज्ञानाच्या बाईंना घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचली. खोलीत शंभर खुर्च्या आणि माणसं सहा. त्यातला एक पंख्याखाली झोपला होता. समोर लांबलचक टेबल, तीन अधिकारी, पाण्याच्या तीन बाटल्या आणि एक घंटी. प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं.

दोन मिनिटं टकळीला भरपूर झाली. राजवाडा, जाळी, पापण्या, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. "आम्हाला पोहायला शिकवलंच नाही, आणि परीक्षा विहिरीत घेताय तुम्ही!" झोपलेला माणूस जागा झाला. बाईंनी तोंडावर पदर धरला, पण डोळे हसत होते.

समितीच्या अध्यक्ष मॅडम रागावल्या नाहीत. तेच जास्त वाईट. त्या समजूत काढल्यासारख्या म्हणाल्या, "बाळ, हे धोरण आम्ही हवेतून काढलेलं नाही. दोनशे बारा शाळांनी भरून दिलेल्या माहितीवर केलंय. मुलं नुसती पाठ करतात, हाताने काही करत नाहीत, म्हणून केलंय. तुझ्यासाठीच केलंय. हे बघ, तुझ्याच शाळेचा तक्ता."

त्यांनी फाईल तिच्याकडे फिरवली.

प्रयोगशाळा: हो. पाणी: हो. वीज: हो. सूक्ष्मदर्शक: ७.

त्या सातची शेपटी रकान्याबाहेर पडून थेट खालच्या ओळीत लोंबत होती. घरच्या कॅलेंडरवर दूध न आलेल्या तारखांना अशीच शेपटी असायची. अक्षर बाबांचं होतं.

टकळीने पान उलटलं. दुसरी शाळा, दुसरं अक्षर. सूक्ष्मदर्शक: ७. तिसरी शाळा: ७. चौथी: ७. ती भराभरा पानं उलटत गेली. सात, सात, सात.

"काय झालं? बोल ना," मॅडम म्हणाल्या.

बोलायचं तर होतं. हे सगळं खोटं आहे, असं एक वाक्य. पण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येणार, मग हे भरलं कुणी? टकळीच्या तोंडाला, आयुष्यात पहिल्यांदा, कुलूप लागलं.

घंटी वाजली. "लेखी हरकत आज पाचपर्यंत खाली देता येईल," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

शाळेत येईपर्यंत तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बाबांच्या टेबलापाशी जाऊन तिने विचारलं, "बाबा, आपल्या शाळेत सूक्ष्मदर्शक किती?"

बाबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना सगळं कळलं.

"अगं, 'नाही' लिहिलं की परिशिष्ट क जोडावं लागतं. प्रत्येक 'नाही'ला एक, आणि त्याच्या तीन प्रती. का नाही, केव्हापासून नाही, जबाबदार कोण. मग तपासणी. सगळेच 'हो' लिहितात."

"आणि सात कुठून आणले?"

"तक्ता कसा भरायचा याची शिकवणी होती ना, तिथे नमुना दिला होता. नमुन्यात सात होते." बाबांचा आवाज खाली खाली गेला. "बाकीच्यांचे फोन आले, तू किती टाकलेस म्हणून. मी म्हटलं, सात."

"छान! म्हणजे मी 'वर' शोधत तीन मजले चढले, आणि वर तुम्हीच बसला होतात!" टकळीचा आवाज चिरकला. "नुसते कागदाचे रकाने वाटले तुम्हाला? त्या रकान्यात मी आहे, बाबा! मी तुमचं नाव घेतलं नाही तिथे. गिळलं. अजून घशात अडकलंय. सातांपैकी कुठल्या सूक्ष्मदर्शकावर मी परीक्षा देऊ, तेवढं सांगा!"

दारात शिपाईमामा थबकले आणि आल्या पावली मागे वळले. बाबांची नजर टेबलावरच्या काचेवर गेली. काचेखाली टकळीचा बालवाडीतला फोटो होता, तोंड उघडं असलेला. मग त्यांनी खालचा खण ओढला. तळाशी परिशिष्ट क चा कोरा गठ्ठा होता, दोरी न सोडलेला.

ते लिहायला बसले. सूक्ष्मदर्शक: एक, भिंग नाही. पाणी: नाही. केव्हापासून नाही: नऊ वर्षं. 'जबाबदार कोण' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'आधीचा तक्ता मी न बघता नमुन्यावरून भरला,' आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव.

हेडसरांनी दोन ओळी वाचल्या आणि पेनाला टोपण लावलं. "मी हे पाहिलेलं नाही. अहो, संसार आहे तुम्हाला!"

"तिच्यासाठीच आहे, सर," बाबा म्हणाले, आणि कागद उचलून निघाले.

कार्यालयाच्या तळमजल्यावर पाचला दहा कमी असताना बाबा आणि टकळी पोचले. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटेपालटे करून पाहिले.

"मुख्याध्यापकांची सही?"

"नाही," बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"हे कसलं परिशिष्ट? क? हे कुणी आणत नाही हो. याचा शिक्का कुठला ते बघावं लागेल. उद्या या."

"मुदत आजची आहे."

"मग मी काय करू? उद्या या." त्याने खिडकीची फळी ओढली.

बाबांनी सवयीने मान डोलावली. कागद परत घ्यायला त्यांचा हात पुढे झाला. टकळीने तो मनगटात धरला आणि दुसरा हात फळीखाली घातला.

आता तिला कुणाचं नाव गिळायचं नव्हतं. बाबांनी ते स्वतःच शाईने लिहिलं होतं.

"काका, फळी वर करा!" ती ओरडली. "दोनशे बारा गुणिले सात! चौदाशे चौऱ्याऐंशी सूक्ष्मदर्शक आहेत तुमच्या फाईलीत! एक दाखवा! एकच दाखवा, मी गप्प घरी जाते! दोन पायऱ्या उतरून एक शाळा बघितली नाही कुणी, आणि आम्ही बारा प्रयोग करायचे?"

आवाज जिन्यातून वर चढला. पहिला मजला, दुसरा मजला. दारं उघडली, माना बाहेर आल्या. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून अध्यक्ष मॅडम वाकून पाहू लागल्या. हातात पाण्याची बाटली तशीच.

"कोण आहे? काय चाललंय?"

"मीच आहे, मॅडम! सकाळची दोन मिनिटं अपुरी पडली!" टकळीने मान वर करून सांगितलं. "तुमच्या फाईलीतले सात मोजा! सगळ्या शाळांचे मोजा! आणि खाली या!"

मॅडमनी बाटली कठड्यावर ठेवली. मग मागे वळून कुणाला तरी म्हणाल्या, "ती फाईल आणा." त्यांच्या चपला जिन्यावर वाजू लागल्या.

घड्याळात पाचला तीन कमी होते. टकळीने फळीखालचा हात काढला नाही.