कशाबद्दल ते विचारायचं नसतं

व्हेलिचकाने विणकामाची सुई गॅसवर लाल होईतो तापवली आणि हलव्याच्या कडक पांढऱ्या वडीत आरपार घुसवली. साखर जळल्याचा वास सुटला आणि वडीचे दोन तुकडे झाले. ही तिसरी वडी होती.

"अगं, जरा हलक्या हाताने," तिचा नवरा मिलेन म्हणाला. "हलव्याने काय बिघडवलंय तुझं?"

"हलव्याने काहीच नाही बिघडवलं."

तिने आणखी एक वडी घेतली. या वेळी भोक नीट पडलं. लाल दोरा ओवून तिने ती टेबलावर लोंबणाऱ्या दिव्याला टांगली.

ईस्टरपूर्वीचा मोठा उपास सुरू होण्याआधीचा हा रविवार. संध्याकाळी हलवा असा झुलवायचा, हात पाठीमागे धरायचे आणि तोंडाने तो पकडायचा. पण त्याआधी धाकट्यांनी थोरल्यांच्या घरी जायचं, हाताचं चुंबन घ्यायचं आणि 'क्षमा कर' म्हणायचं. थोरल्यांनी 'केली' म्हणायचं आणि हातात एक संत्रं द्यायचं. कशाबद्दल ते विचारायचं नसतं. आणि एकदा 'केली' म्हटलं की तो विषय पुन्हा जन्मात काढायचा नाही.

गेल्या वर्षी याच दिव्याखाली त्यांच्या मुलीने, रालित्साने, हलवा पकडला होता. डोळे मिटलेले, मान मागे टाकलेली, तोंड उघडं, गालभर साखर. झिवकोने फोटो काढला होता. झिवको म्हणजे व्हेलिचकाचा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच त्याला हातांवर घेतलं होतं आणि त्याने तिचा नवा झगा ओला केला होता.

या हिवाळ्यात तो चेहरा परत आला. भलत्याच कुणाच्या उघड्या अंगावर बसून, निम्म्या गावाच्या फोनवर. डोळे तसेच मिटलेले, तोंड तसंच उघडं. हलवा तेवढा काढून टाकला होता.

पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टरने तो फोटो पाहिला. गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिला. मग तक्रारीचा कागद टेबलावरून परत सरकवला.

"बाई, अंग तुमच्या मुलीचं नाही. तिला कुणी हात लावलेला नाही. मी कुठलं कलम लावू?"

"तोंड तिचं आहे."

"तोंडाला कलम नाही," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने त्यांना पाणीसुद्धा विचारलं.

त्यानंतर रालित्साने स्वतःच कात्री घेऊन केस कापले आणि राजधानी सोफियातल्या बायकांच्या एका संघटनेला फोन लावला. असं करणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून नवा कायदा आणायची खटपट चालली होती. संसदेच्या समितीला, ज्यांच्यावर हे ओढवलंय अशा माणसांचं ऐकायचं होतं. रालित्साचा नंबर मंगळवारी होता.

"दोन्का झिवकोला घेऊन येतेय," मिलेन दिव्याकडे पाहत म्हणाला. "तू एकदा 'केली' म्हण. संपव."

"आणि मंगळवार?"

"क्षमा केलेल्या गोष्टीचा सोफियात जाऊन कोण पाढा वाचतं? पोरगी राहील घरी. लोक विसरतील."

"तू विसरलास?"

तेवढ्यात घंटा वाजली.

दोन्का आली ती चीजच्या पापुद्रेदार बनित्साचा थाळा पुढे धरूनच. मागे झिवको, इस्त्रीचा शर्ट, ओले केस चापून बसवलेले. बावीस वर्षांचा घोडा, पण आईच्या आडोशाने आत शिरला. आतल्या खोलीचं दार थोडं उघडं होतं. तिथे रालित्सा होती. सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणीच तिकडे पाहत नव्हतं.

"चीज जरा जास्तच घातलंय," दोन्का म्हणाली. "उद्यापासून काय, भोपळा आणि बीन्सच. जा रे, उभा काय राहिलास?"

झिवको दिव्याखाली आला, वाकला आणि त्याने व्हेलिचकाचा हात हातात घेऊन त्याचं चुंबन घेतलं.

"क्षमा कर, धर्मआई."

तिने हात सोडवून घेतला नाही.

"कशाबद्दल?"

दोन्का थाळा ठेवता ठेवता थांबली. "अगं व्हेलिचका! आज असं विचारतात का?"

"मी विचारतेय."

"तुला माहितीये," झिवको जमिनीकडे बघत म्हणाला.

"मला माहितीये. तू बोल."

"गंमत होती. एका ॲपमध्ये टाकला फोटो, त्याने आपोआप केलं. मी एकालाच पाठवला होता. पुढे त्याने…"

"गंमत."

"पोरं आहेत गं," दोन्का म्हणाली. "रात्र रात्र झोपत नाहीये तो. वजन बघ किती उतरलंय."

"माझा फोटो होता का रे तो?" व्हेलिचका झिवकोलाच म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मिलेनने टेबलावरची सुई हळूच उचलून आपल्याकडे घेतली. "माझी क्षमा कशाला मागतोस? ती आत बसलीय. दार उघडं आहे."

"हे बघ, आता हद्द झाली." दोन्काने थाळा आपटला. "रालित्सा दोन वर्षांनी लहान आहे त्याच्याहून. थोरल्याने धाकटीपुढे वाकायचं? कुठल्या गावची रीत ही? रीतच काढायची तर आज सकाळी तिनेच यायला हवं होतं माझ्याकडे. दरवर्षी येते. मी संत्रं काढून ठेवलं होतं. वाट बघत बसले."

तिने खरंच पर्समधून संत्रं काढून दाखवलं.

आतलं दार पूर्ण उघडलं. रालित्सा बाहेर आली. कापलेल्या केसांमुळे तिचे कान उघडे पडले होते, लहानपणी दिसायचे तसे. झिवकोला वळसा घालून ती सरळ दोन्कापाशी गेली.

"मावशी बरोबर बोलतेय," ती म्हणाली. "मी यायला हवं होतं."

"रालित्सा," व्हेलिचका म्हणाली.

"थांब, आई."

ती वाकली. दोन्काचा हात हातात घेऊन तिने त्याचं चुंबन घेतलं, तो कपाळाला लावला.

"क्षमा कर, दोन्का मावशी."

दोन्काचे डोळे भरून आले. "केली, बाळा, केली," ती म्हणाली, जशी तिची आई म्हणायची, जशी ती स्वतः इतकी वर्षं म्हणत आली होती. "देवानेही करावी." तिने मुलीच्या आखूड केसांवर ओठ टेकवले आणि संत्रं तिच्या तळव्यात ठेवून बोटं मिटवली. "बघ व्हेलिचका. तुझ्यापेक्षा शहाणी आहे पोरगी."

रालित्सा सरळ उभी राहिली. अंगठ्याच्या नखाने तिने संत्र्याची साल काढायला सुरुवात केली.

"मंगळवारी मी सोफियाला चाललेय. समितीसमोर. माझं नाव सांगणार आहे." तिने सालीचा तुकडा टेबलावर ठेवला. "आणि झिवकोचं."

दोन्काचा हात तिच्या केसांजवळच हवेत राहिला.

"हे… हे तू आधी का नाही… अगं, मला वाटलं, तू आली नाहीस म्हणून… कशाबद्दल ते तरी…"

"आज असं विचारतात का, दोन्का?" मिलेन म्हणाला. त्याने मान वर केली नव्हती. सुई अजून त्याच्या मुठीत होती.

रालित्साने एक फोड आईपुढे धरली, दुसरी बापापुढे. झिवको अजून तसाच वाकलेला होता, जे उत्तर आलं नव्हतं त्याची वाट बघत. व्हेलिचकाने आपला हात त्याच्या हातातून काढून घेतला आणि एप्रनला पुसला.

"सरळ हो," ती म्हणाली. "आणि जपून. डोक्याला हलवा लागेल."