सीलबंद बाटलीतला धूर

रविवारी सकाळी अकरा वाजता, ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या खोलीत बावीस शहाणीसुरती माणसं डोळे मिटून, ग्लासात नाक खुपसून बसली होती. मधल्या टेबलावर एक बाटली होती आणि ती अजून कोणी उघडलेली नव्हती. ती उघडायचीच नसते, चमत्कार तोच होता. बाटली परदेशी सिंगल माल्टची. दलदलीतली जळाऊ माती पेटवून तिच्या धुरावर धान्य वाळवतात, तसल्या व्हिस्कीची, आणि इतकी महाग की तिच्याकडे पाय करून बसायलासुद्धा मनाई होती. ग्लासात मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी दारू. या मंडळींचे गुरू नाकसाहेब. त्यांनी वरून हात फिरवला की बंद बाटलीतला धूर म्हणे त्या दारूत उतरायचा. आणि गंमत अशी, की वास खरोखर यायचा.

"आला, आला," दातांचे डॉक्टर पुटपुटले. "ओलं लाकूड. समुद्र. आजोबांच्या गुडघ्याचं बँडेज."

"बँडेज आलं म्हणजे तुमचं नाक उघडलं," नाकसाहेब म्हणाले. "कित्येकांना जन्मभर नुसतं लाकूडच येतं बिचाऱ्यांना."

लाकूडवाल्यांनी माना खाली घातल्या.

या मंडळींत शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाई बसल्या होत्या, त्या हौसेने नव्हे. त्यांचे यजमान घड्याळजी. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या झटक्यातून वाचलेले, रक्तदाबाच्या गोळ्यांवर असलेले. अकरा दिवसांपूर्वी त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या.

"धुराने डास पळतात की नाही?" नाकसाहेबांनी त्यांना समजावलं होतं. "मग रक्तातली घाण का नाही पळणार? रोज या धुरावलेल्या दारूचे दोन चमचे घ्या. गोळ्या म्हणजे धुराचा अपमान."

एरवी घड्याळाचा काटा सेकंदभर मागे पडला तर जेवण सोडून बसणारा हा माणूस, पण हे त्याला पटलं होतं. बाईंनी डोकं फोडून घेतलं, अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. शेवटी, "एकदा येऊन तर बघ," असं ते म्हणाले, म्हणून त्या आल्या.

आणि बाईंना वासच आला नाही.

"तुमची श्रद्धा कच्ची आहे, ताई," नाकसाहेब मायेने म्हणाले.

बाई वरमल्या नाहीत, कारण सव्वीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. प्रयोग बिघडला की श्रद्धेकडे बघायचं नाही, भांड्याकडे बघायचं. बावीस ग्लासांत तीच साधी दारू, एकच हात फिरलेला, मग आपल्याच ग्लासाचं वेगळं काय? वेगळं एवढंच होतं, की दुसऱ्याने पुसलेल्या भांड्यावर त्यांचा जन्मात विश्वास नव्हता. ग्लास हातात पडल्याबरोबर सवयीने त्या कोपऱ्यातल्या बेसिनशी जाऊन तो तीनदा विसळून आल्या होत्या.

आणि ग्लास पुसून द्यायचे ते खुद्द नाकसाहेब. खांद्यावरच्या पांढऱ्या रुमालाने, तोंडाने काहीबाही म्हणत.

दुसऱ्या फेरीला पुन्हा सगळ्यांचे डोळे मिटले. नाकसाहेबांनीही मिटले, कारण बाटलीशी बोलताना ते मिटायची पद्धत त्यांनीच पाडली होती. रुमाल खुर्चीच्या पाठीवर होता. बाईंनी आपल्या ग्लासात नळाचं पाणी घेतलं, रुमालाचं टोक त्यात बुचकळलं, पिळलं, आणि तो ग्लास डॉक्टरांच्या नाकाखाली धरला.

डॉक्टरांनी खोल हुंगलं. "अरे बापरे. हा तर फारच जुना दिसतोय. राख, डांबर, कोळ्याची होडी. बँडेजचा तर अख्खा रोल आहे."

"डोळे उघडा," बाई म्हणाल्या. "हे रुमाल पिळलेलं पाणी आहे."

डॉक्टरांनी ग्लास बघितला, रुमाल बघितला, मग ते जमिनीकडे बघत राहिले.

नाकसाहेब हसले. "रुमालात कृपा मुरली आहे, ताई."

"मुरू द्या की. मी सगळे ग्लास धुते, माझ्या पदराने पुसते. तुम्ही परत हात फिरवा. बाटली तीच, हात तोच."

बाईंनी बावीस ग्लास धुतले, पुसले, त्यांत पुन्हा तीच साधी दारू ओतली. नाकसाहेबांनी हात फिरवला, बाटलीला डोळे मिटून विनवलं, दोनदा शिंकलेही. बावीस नाकांनी हुंगहुंग हुंगलं. साध्या दारूला साध्या दारूचा वास येत होता. लाकूडवाल्यांपैकी एकाने तेवढ्यात नाकसाहेबांच्या पिशवीत हात घातला आणि चपटी कुपी वर काढली. मासे न धुरवताही धुरवल्यासारखे लागावेत म्हणून कारखान्यात टाकतात, तो धुराचा अर्क. चार थेंब रुमालावर टाकले की खोलीभर समुद्र.

"पण मला बरं वाटत होतं," घड्याळजी हळूच म्हणाले. "अकरा दिवसांत काही दुखलं नाही."

आता डॉक्टर उठले. खाली गाडीतून रक्तदाबाचं यंत्र घेऊन आले आणि त्यांनी घड्याळजींच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. एकशे नव्वद.

"चला माझ्याबरोबर हॉस्पिटलात. आत्ताच्या आत्ता."

"अहो, पण दुखत नाही ना."

"रक्तदाब दुखत नाही," डॉक्टर म्हणाले. "दाढेसारखा दुखला असता ना, तर असले नाकसाहेब उपाशी मेले असते."

वास आला तर आला म्हणावं, त्यात लाज नाही. पण तो कुठून आला हे विचारावं, आणि विचारल्याचा ज्याला राग येतो त्याच्या हातचं औषध घेऊ नये. रुमाल पिळून बघायला मोठी विद्या लागत नाही.

घड्याळजींच्या गोळ्या त्याच दुपारी पुन्हा सुरू झाल्या. चारचौघांत शोभा केली म्हणून पुढचे दोन दिवस ते बाईंशी बोलले नाहीत. बाईंना ते चाललं. रुसून बसायला का होईना, माणूस घरात होता.