चूलपट्टी

शिरोड्याला लोकांनी मीठ उचललं, त्याच्या दुसऱ्या साली आमच्या पावसच्या बाजूला चूलपट्टी आली. आधी पट्टी घराला होती. एक छप्पर, एक पट्टी. मग कचेरीतल्या कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं, छपराखाली चुली दोन तर पट्ट्याही दोन. सुधारणा म्हणे! आग लागो त्या सुधारणेला.

आमच्या घरात चुली दोन. एक माझी, दुसरी धाकट्या जावेची, यमुनेची. फणसाच्या वाटणीवरून वाजलं, तेव्हा मी भर अंगणात सांगितलं होतं, "हिच्या हातचं शीत माझ्या तोंडात जायचं नाही." बोलले ते बोलले.

कारकून महिपतराव कौलांवरचा धूर मोजत फिरायला लागला. मेल्याला दुसरं काम नाही. मीच वाडीतल्या बायका जमवल्या. म्हटलं, "घरात एकच चूल ठेवा, बाकीच्या फोडा. माती नेऊन कचेरीच्या दारात ओतू."

कुणी पुढे होईना. नांदत्या घरातली चूल फोडणं म्हणजे अभद्रच.

शेजारची तुळसा म्हणाली, "काकू, आधी तुमची फोडा."

"माझी का गो? मी थोरली. यमनेची फुटेल."

यमुना पदर खोचून पुढे आली. "फोडा म्हणून सांगणारीनं स्वतःची राखायची होय, वैनी?"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी कोयता उलटा धरला आणि माझी चूल फोडली. मग घरोघर धडाधड फुटल्या.

कचेरीच्या उंबऱ्यावर मातीचा ढीग चढला. शिपायांनी काठ्या चालवल्या, आमच्यातल्या चिमाचा हात मोडला, तरी टोपल्या रित्या होतच राहिल्या. आतले साहेब दिवेलागणीपर्यंत आतच कोंडलेले.

दुसऱ्या दिवशी महिपतराव दारात. "तुम्हा दोघींचं वैर सगळ्या गावाला ठाऊक. दुसरी चूल लपवलीत. एकत्र जेवता ना? जेवून दाखवा. खोटं निघालं तर सगळ्या वाडीला दुप्पट पट्टी लावीन."

वाडी अंगणात उभी. मी पाटावर बसले. यमुनेनं भात वाढला, वर कुळथाची पिठी ओतली. भिकारणीला वाढावी तशी, हात उंच धरून. पहिला घास तोंडात घातला. मी तो गिळला.

"पिठी अळणी आहे."

"मीठ सरकारचं, वैनी. सरकारलाच विचारा."

बायका फिदीफिदी हसल्या. मी महिपतरावाच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "वाढ आणखी." बोटं चाटून उठले. तो तोंड पाडून गेला.

दिवाळीच्या आत पट्टी मागे घेतली. तोवर मी रोज तिच्या हातचं जेवले, रोज नावं ठेवून.

मग मी माती मळली. यमुना दारात उभी राहिली. "नवी कशाला? गिळत होतात की."

"वाडीसाठी गिळलं. तुझ्यासाठी नव्हे."

नव्या चुलीचं तोंड मी मुद्दाम फिरवून घेतलं. आता धूर सरळ तिच्या माजघरात जातो. ती खोकत खोकत मला शिव्या घालते. बसू दे आता तिलाच धूर मोजत.