मांडतात तो पाट, लावतात तोही पाट

मी एक जुना पाट आहे. सागाचा, पण जरा डुगडुगणारा. मित्रांनो, वलगावच्या ज्या सुताराने मला घडवलं, तो म्हणायचा, दोष जमिनीचा आहे. जमिनीला कुणी विचारलं नाही.

अमरावतीच्या कापूसबाजाराजवळ मैनाबाई गाडीवानांना जेवू घालत. वय पन्नाशीकडे झुकलेलं, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मागे त्याचं काळ्या मातीचं वावर. तेव्हा साता समुद्रांपलीकडे कुठेतरी लढाई पेटली होती आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. तिकडे माणसं मरत, इकडे पेढे वाटत. मग ज्वारीच्या जागीही कापूस पेरला गेला, भाकर महागली आणि पेढे थांबले.

आमच्याकडे जेवणासाठी पाट मांडतात. पाट लावणं म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. साठीचे विधुर गाडीवान नत्थुजी भुकेच्या भरात हा फरक विसरले आणि भरल्या पंगतीत ओरडले, "मैनाबाई, पाट लावा लवकर!"

मैनाबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला नाही. "कोनासंगं?"

पंगत हसून लोळली. नत्थुजी तीन दिवस फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी एकटेच आले. "त्या दिवशी चुकून बोललो, बाई. आज समजून बोलून राहिलो."

"वावर जाईन माहं." पाट लागला, की पहिल्या नवऱ्याची जमीन त्याच्या घरच्यांकडे परत जाई.

"मी का वावरासंगं पाट लावून राहिलो?"

या लग्नासाठी सगळ्यात जास्त धडपड केली ती दीर पंजाबरावांनी. रोज येत. "वहिनी, शुभकार्याले उशीर कायले?" बोंडं फुटायला आली होती. वेचणीआधी पाट लागला, तर कापूसही त्यांचाच.

मैनाबाई कच्च्या नव्हत्या. "वेचनी होऊ द्या, भाऊजी."

नत्थुजीही हसून "होऊ द्या" म्हणाले आणि अकोल्याची खेप घेऊन गेले.

अकोल्याच्या गाडीतळावर पटकीची साथ होती. परतताना बडनेऱ्याजवळ तिने त्यांना गाठलं. सोबतच्या उस्मान गाडीवानाने त्यांना गाडीत निजवून आणलं, तो वेचणीचा शेवटचा दिवस होता. गल्लीतली दारं लागली. मैनाबाईंनी मला उचललं, निंबाखाली गाडीशेजारी मांडलं आणि माझ्यावर बसल्या. नत्थुजींचं बोट धरून त्यांनी आपल्या कपाळाला कुंकू लावून घेतलं.

"उस्मानभाऊ, साक्ष तुमची. नत्थुजी, पाट लागला."

"मंग वाढा," नत्थुजी म्हणाले.

मैनाबाईंनी पेज भरवली. ती पोटात राहिली नाही. दिवस मावळायच्या आत मैनाबाई दुसऱ्यांदा विधवा झाल्या.

तिसऱ्या दिवशी पंजाबराव वावर ताब्यात घ्यायला आले. पाट लागला होता ना! कापूस तेवढा मैनाबाईंचा राहिला. घर इतकं भरलं, की त्यांना पाय पसरायला जागा नव्हती.

मित्रांनो, मला ओल्या भिंतीशी टेकवून ठेवू नका, वाळवी लागते. महिन्याकाठी तेलाचं बोट फिरवा. आणि कुणाला हो म्हणायचं असेल, तर वेचणी संपायची वाट पाहू नका. कापूस दरसाल फुटतो.