खोलीतल्या व्यक्तीला निरोप

आमच्या ह्यांना ऑफिसात ‘कात्री’ म्हणतात. चार ओळींचा मजकूर एका ओळीत बसवतात म्हणून. एआय मदतनिसाच्या हाताशी जी लहानसहान साधनं दिलेली असतात, त्यांची वर्णनं लिहायची, हे ह्यांचं काम. एक साधन पडदे उघडतं, एक नर्सला बोलावतं. साधनाच्या पोटात काय चाललंय ते मदतनिसाला दिसत नाही. वर्णनात लिहिलं असेल तेवढंच तो खरं मानतो. हे मला ह्यांनीच समजावलंय, जेवता जेवता, बोट नाचवत.

निरोपाच्या साधनाचं वर्णन ते बनवणाऱ्या मुलीने असं लिहून दिलं होतं: “खोलीतल्या स्पीकरवर निरोप एकदा वाजवते. खोलीत कोणी आहे का, कोणी ऐकलं का, हे या साधनाला कळत नाही.” ह्यांनी त्याचं केलं, “खोलीतल्या व्यक्तीला निरोप पोहोचवते.” मला वाचून दाखवलं आणि शाबासकीची वाट बघत बसले. मी म्हटलं, छान. मला भांडी आवरायची होती.

पुढे ही व्यवस्था एका शुश्रूषागृहात बसली, आणि ह्यांच्या मोठ्या बहिणीचं, अक्कांचं, खुब्याचं हाड मोडल्यावर त्यांना नेमकं तिथेच ठेवावं लागलं. बहीणभावाचं तेव्हा वर्षभर बोलणं नव्हतं. सासूबाई गेल्यावर त्यांचं शिलाई मशीन अक्कांनी परस्पर कुणाला तरी देऊन टाकलं, तर हे सगळ्यांसमोर म्हणाले, “तुला आईची किंमतच नव्हती.” जिने इतकी वर्षं आईची उस्तवार केली, तिला. अक्का उठून गेल्या.

त्या पडल्याचं कळलं तेव्हा ह्यांचा पीळ जरा सैल झाला.

“अहो, सरळ फोन करा,” मी म्हटलं.

“फोन केला की ती काय बोलेल ते ऐकून घ्यावं लागेल.”

“मग जाऊन या.”

“तिने ये म्हटलं तर जाईन.”

शेवटी एका दुपारी ह्यांनी मोबाइलवरून शुश्रूषागृहातल्या मदतनिसाला सांगितलं, अक्काला निरोप दे: “अक्का, माझं चुकलं. येऊ का?” लगेच उत्तर आलं, “अक्कांना निरोप पोहोचवला आहे.”

त्या दिवशी हे फोन घेऊन बाथरूममध्येसुद्धा गेले. उत्तर आलं नाही. आठवडा गेला तरी नाही. मग स्वारी बिथरली.

“मी नाक घासलं, आणखी काय करू? बाईसाहेबांचा तोरा बघ.”

“पुन्हा एकदा विचारा ना.”

“पोहोचलाय म्हणतोय तो. खोटं कशाला सांगेल?”

मी एकटी जाते म्हटलं तर म्हणाले, माझी वकिली करायला जाऊ नकोस. मी ऐकलं. बाकी कधी ह्यांचं ऐकत नाही, नेमकं तेव्हा ऐकलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

महिना व्हायच्या आत अक्का झोपेतच गेल्या.

सामान आणायला आम्ही दोघं गेलो. खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि भिंतीवर तो स्पीकर. तिथली सेविका अक्कांच्या साड्या पिशवीत भरत होती. “तुम्ही भाऊ ना?” तिने विचारलं. “रोज म्हणायच्या, भावाचा काही निरोप आहे का बघ. हट्टी आहे, पण येईल.”

“मी पाठवला होता,” हे म्हणाले. “दुपारी.”

“दुपारी आम्ही त्यांना व्यायामाला खाली न्यायचो. हा डबा काय, रिकाम्या खोलीतही बोलतो. आम्ही लक्ष देत नाही.”

हे पलंगावर बसले. “त्या मुलीने लिहिलं होतं,” एवढंच म्हणाले. सेविकेला काही कळलं नाही. मला कळलं.

दुसऱ्याच दिवशी ह्यांनी वर्णन बदललं. त्या मुलीची वाक्यं जशीच्या तशी परत घातली आणि खाली आपलं लिहिलं: “हे वापरल्यावर निरोप पोहोचला असे सांगू नये. खोलीत माणूस पाठवून विचारावे. उत्तर आले नाही, तर निरोप ऐकलाच नसेल असे धरावे.” घरी आल्यावर मोबाइल माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीशी जाऊन बसले. या वेळी शाबासकी नको होती.

मी वाचलं. मागूनच म्हटलं, “अहो, अक्कांचा तुमच्यावर राग नव्हता.”

मान हलली नाही. मी उठले, त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले आणि तेच पुन्हा म्हटलं.

“ऐकलं मी,” ते म्हणाले, आणि अक्का गेल्यापासून पहिल्यांदा रडले.