मेलेल्याची साक्ष

आठ वर्षांपूर्वी पिंपळगावला द्राक्षबागेत औषध फवारताना बारकू चक्कर येऊन पडला, आणि त्या दिवसापासून त्याच्या मरणाने त्याचा पिच्छा सोडला नाही. सुरगाण्याकडच्या त्याच्या पाड्यावर प्रार्थनेला जमणारी मंडळी छातीठोक सांगायची, की बारकू मेला आणि प्रभूने त्याला उठवला. एकटा बारकू म्हणायचा, अहो, मी मेलोच नव्हतो. पण ज्याचं मरण त्यालाच विचारतो कोण!

पास्टर धनराज सांगायचे, तीन तास प्राण नव्हता. बायको भागीबाई म्हणायची, एकच तास, पण अंगाचं लाकूड झालं होतं. आता भागीबाई त्या दिवशी घरी नागली झोडत होती, पण एवढं कोण बघतंय?

बारकूची पंचाईत वेगळीच होती. तो मनापासून श्रद्धा ठेवणारा माणूस, खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा त्याने जिवाला लावून घेतलेली, आणि दर नाताळाला पास्टर नेमकं त्यालाच माइकपुढे उभं करायचे. तो बिचारा सांगायला लागायचा, की बागेत द्राक्षांचे कॅरेट भरायला आलेल्या हनीफभाईने आपल्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. तेवढ्यात टाळ्या पडायच्या, पेटी सुरू व्हायची, आणि हनीफ त्या सुरात बुडून जायचा.

एरवी त्याने सोडूनही दिलं असतं. पण यंदा शेजारच्या सरिताची सहा वर्षांची आशा फिट येऊन पडायला लागली. सरिता तिला दवाखान्यात काही नेईना. रोज सकाळी पोरीला बारकूच्या दारात आणायची आणि त्याचा हात तिच्या डोक्यावर ठेवायला लावायची. मरणातून परत आलेला हात तो! बारकूने दहादा सांगितलं, अगं, डॉक्टरला दाखव. सरिता हसून म्हणायची, थोर माणसं अशीच बोलतात. त्या हसण्याने बारकूला धडकी भरायची.

अशात दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या मयूर आला. नाशिकला इतिहासात एम.ए. करत होता, त्यामुळे जिभेला धार आलेली. आल्या आल्या त्याने पास्टरांना गाठलं. येशूच्या थडग्यापाशी एका शुभवर्तमानात एक दूत, दुसऱ्यात दोन. बायका कुठे एक, कुठे तीन. आणि हे सगळं लिहिलं कधी, तर कित्येक वर्षं उलटल्यावर! इतिहास याला पुरावा म्हणत नाही, असं त्याने ठणकावलं. पास्टरही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. चारही शुभवर्तमानांचं अक्षर न् अक्षर जुळलं असतं, तर तू म्हणाला असतास की ठरवून लिहिलंय, असं ते शांतपणे म्हणाले.

उत्तर बरं होतं. पण मयूरकडे हुकमाचा पत्ता होता, आणि तो म्हणजे काका. "तिथले साक्षीदार तरी केव्हाच गेले," तो म्हणाला. "इथे तर मेलेला माणूसच जिवंत आहे, तरी आठ वर्षांत गोष्टीची ही गत! मी स्वतः होतो ना तिथे. काकांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, श्वास चालू होता."

बारकूने कपाळावर हात मारला. मयूर तेव्हा आश्रमशाळेत आठवीत होता.

राहता राहिला हनीफ. एकच मागणं घेऊन बारकूने जीप धरली आणि पिंपळगाव गाठलं: हनीफने येऊन सरिताला सांगावं, की हा माणूस जिता होता. हनीफची दाढी पिकली होती, टेम्पो तोच होता. बारकूला पाहताच त्याने मिठी मारली, चहा सांगितला आणि टपरीवरची चार माणसं गोळा केली.

"हाच तो! याची नाडी मी सोता पाहिली, पार खलास होता. मी दुवा मागत मागत गाडी हाणली, आन् दवाखान्याच्या फाटकात यानं डोळे उघडले."

बारकूने चहाचा कप खाली ठेवला. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्याला वाटलं, की आपलंच तर चुकत नसेल? त्याने हळूच स्वतःचं मनगट चाचपलं.

"हनीफभाई," तो म्हणाला, "मेलो व्हतो, तं दवाखान्यात कशाला नेलं?"

हनीफ त्याच्याकडे बघतच राहिला. "मंग कुठं न्यायचं? माणूस पडला का दवाखान्यात न्यायचा. मेला का जिता, ते डॉक्टर बघंल."

घरी येईपर्यंत बारकू तेवढंच वाक्य घोळवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरिता आशाला घेऊन दारात उभी. बारकूने मनातल्या मनात प्रभूची माफी मागितली.

"सरिता, लोक सांगतात ते खरं हाय. मी मेलो व्हतो. पार गार झालो व्हतो."

सरिताने हात जोडले.

"तरी मला आधी दवाखान्यात नेलं. मेलेल्याला नेलं, सरिता. तुझी पोर तं जिती हाय."

सरिताने जोडलेले हात सोडले आणि आशाचं बोट धरलं. मग नऊच्या जीपमध्ये तिघंही बसले.

डॉक्टरने गोळ्या सुरू केल्या आणि आशाचं पडणं थांबलं. नाताळाला सरिता माइकपुढे उभी राहिली. बारकूकाकाचा हात लागला आणि पोर बरी झाली, एवढं तिने रडत रडत सांगितलं, पुढे गोळ्यांचं काही म्हणणार तोच पेटी सुरू झाली. बारकू मागच्या रांगेत आशाशेजारी बसला होता. तो तिच्या कानाशी वाकला आणि सकाळची गोळी घेतली का, असं त्याने विचारलं. पोरीने मान डोलावली, तेव्हा कुठे त्यानेही टाळ्या वाजवल्या.