दक्षिणेला पाय

दात तपासायच्या आरशाची दांडी डाव्या हाताच्या बोटांत होती, पण ती आहे हे डॉ. मोहिनीला बघून कळत होतं... नखाएवढा गोल आरसा, त्यात दिव्याचा पांढरा ठिपका, आणि खाली ती दोन बोटं — सकाळपासून बधिर, जणू पेशंटचं इंजेक्शन चुकून तिलाच कुणी टोचलंय. काल हाच आरसा निसटून ताटलीत पडला होता. "घामानं," असं ती म्हणाली होती. एसी चालू होता. मदतनीस आरतीनं दुसरा आरसा पुढे केला होता.

मंचरच्या फिजिओथेरपिस्टनं मानेचा एक्स-रे उजेडात धरून सांगितलं होतं — असंच वाकत राहिलात तर वर्षभरानं हा हात दाताच्या कामाचा राहणार नाही. मग काय काय करायचं ते : पेशंट पूर्ण आडवा, तुम्ही त्याच्या डोक्यामागे, पाठ टेकलेली, कोपरं कमरेशी, वरची दाढ आरशातच बघायची. जसं काही हे मी शिकलेच नव्हते! पण आळेफाट्याला दवाखाना टाकताना पाण्याची पाइप ज्या भिंतीला होती, त्या भिंतीला धरून खुर्ची ठोकली गेली — डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. पहिल्याच आठवड्यात भगवंतआबांना तिनं बटण दाबून आडवं केलं, तर ते कापसाच्या बोळ्यासकट उठून बसले. "दक्षिणेला पाय? आवं, मी जित्ता हाय अजून!" बाहेरच्या बाकापर्यंत हसू गेलं. तीही हसली... आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्ची निम्मीच खाली न्यायची, उरलेलं अंतर स्वतःच्या मानेनं भरून काढायचं. अठरा वर्षं. त्या अठरा वर्षांतले जबडे एकापुढे एक मांडले तर रांग लेण्याद्रीच्या पायथ्याला पोचेल, आणि वर दोन-चार कवळ्या उरतील.

पण खरंच नुसत्या दिशेमुळे?... अवसरीला आई, गोजरबाई, खुरपायला बसली की बांधावरून फक्त पाठ दिसायची. शेजारीण जरा उभी राहिली की आई म्हणायची, "ताठ राहून कुठं काम व्हतंय व्हय?" मोहिनीला मान दुखली की दिवसाचं काम भरल्यासारखं वाटे. न दुखलेल्या दिवसाचं काय करायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मॅडम, ठमाआजी," आरती म्हणाली.

ठमाबाई पश्चिमेकडच्या डोंगरातून पहाटेच्या एसटीनं आलेल्या. वरची, अगदी मागची दाढ. मोहिनीचं बोट नेहमीच्या बटणावर गेलं, थांबलं, आणि मग दाबतच राहिलं. खुर्ची सपाट होऊ लागली तशी ठमाबाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"अगं अगं बाई, कुठवर नेतीस? उत्तरेला डोकं झालं की माझं!"

मोहिनीचा उजवा हात खुर्ची परत वर घ्यायला निघालाच होता. मग तिच्या तोंडून निघालं ते तिलाही नवं होतं —

"आजी, माझी बोटं बधिर झालीत. वाकून वाकून. आता वाकले तर हात जाईल."

आरतीच्या हातातली लाळ ओढायची नळी खाली आली. संपलं, मोहिनीला वाटलं. हात बधिर असलेल्या डॉक्टरणीकडे कोण तोंड उघडेल? संध्याकाळपर्यंत फाट्यावरच्या गॅरेजांतसुद्धा कळेल... ठमाबाईंनी तिचा डावा पंजा ओढून घेतला, बोटं एकेक दाबली.

"कळतंय?"

"थोडं."

"आन् ह्या हातानं माझी दाढ कोरणार व्हतीस?"

"कोरायचं उजव्यानं. ह्यात फक्त आरसा."

"मग खुर्ची फिरव की."

"ती हलत नाही."

ठमाबाईंनी छताकडे पाहून बराच विचार केला. "उत्तरेला डोकं करून झोपायचं न्हाई, आसंच हाय ना? मी कुठं झोपते! डोळं उघडं ठेवते. जागं माणूस म्हंजी पडल्यालं, झोपल्यालं न्हाई." आणि आरतीला दटावलं, "माझं डोळं मिटलं तर चिमटा काढ गं. जोरात न्हाई."

मोहिनीनं टेकूचं स्टूल आजींच्या डोक्यामागे ओढलं, पाठ टेकली. आरशात दाढ उलटी, स्पष्ट दिसत होती — काळी, कडेला पोखरलेली. आरसा हलतोय का? जरासा. करंगळी गालावर टेकवल्यावर थांबला. ड्रिल सुरू झालं. खाली दोन म्हातारे डोळे उलटे, सताड उघडे, पाणी आलं तरी न मिटणारे. खांदे आपोआप खाली आले. बोटं बधिरच होती.

वीस मिनिटांनी ती उभी राहिली. कुठेच काही ओढलं नाही, आणि त्याचीच तिला लाज वाटली — काम न करताच उठल्यासारखी. ठमाबाई चूळ भरून म्हणाल्या, "झालं? तू तर नुसती बसूनच व्हतीस राव!"

बाहेर बाकावर भगवंतआबांचा खोकला ऐकू आला. खुर्ची अजून सपाटच होती. मोहिनीनं बटणाकडे पाहिलं, ते न दाबता हात पाठीमागे बांधले, आणि ताठ उभी राहिली... ही कुणाची पाठ आहे, हे तिला अजून ओळखता येत नव्हतं.